नावातलं वाक्य

दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत विजेत्यांची यादी येते. किप्रोप, किप्रूतो, किप्टू, चेप्टू अशी नावं वाचून ‘सगळी एकाच घरातली दिसतात’ असं म्हणत आपण पान उलटतो. घर एक नसतं, समाज मात्र बहुधा एकच असतो. केनियाच्या पश्चिमेकडच्या उंच पठारावर राहणारे कालेंजिन लोक मुलाच्या नावाआधी ‘किप’ आणि मुलीच्या नावाआधी ‘चेप’ किंवा ‘जेप’ लावतात, आणि त्यापुढे जन्मवेळेचा प्रसंग जोडतात. पाऊस पडत असताना झाला तो किप्रोप. आई प्रवासात असताना झाला तो किप्रूतो. घरी पाहुणे आलेले असताना मुलगा झाला तर किप्टू, मुलगी झाली तर चेप्टू. 2019 साली व्हिएन्नात 42.195 किलोमीटर दोन तासांच्या आत धावून दाखवणारा एलिउड किपचोगे आपल्याला माहीत असतो. त्याच्या नावाचा अर्थ धान्याच्या कोठाराजवळ जन्मलेला. वेगाशी, वाऱ्याशी, विजयाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि 1500 मीटर शर्यतीतली फेथ किपयेगॉन? बाई असून तिच्या नावात ‘किप’ कसा? किपयेगॉन हे वडिलांकडून आलेलं नाव आहे. तिचं स्वतःचं कालेंजिन नाव चेपन्गेटिच.

या पुस्तकात आफ्रिकेतली काही नावं आणि स्वाहिलीतले रोजच्या वापरातले शब्द मराठी वाचकांसाठी एकत्र केले आहेत. असं काम करताना पहिला अडसर येतो तो ‘आफ्रिकन नाव’ या शब्दांचाच. बाळाच्या नावांच्या पुस्तकांत असतात तशा याद्या सगळ्यांनी पाहिल्या असतील: डावीकडे नाव, उजवीकडे ‘शूर’, ‘राजकन्या’, ‘देवाची देणगी’. नाव कोणत्या भाषेतलं, कोणत्या समाजातलं, कोणत्या प्रसंगी ठेवायचं, यांचा पत्ता नाही. या खंडात 54 देश आहेत आणि दोन हजारांच्या आसपास भाषा बोलल्या जातात. ‘आफ्रिकन नाव’ म्हणणं हे ‘आशियाई नाव’ म्हणण्याइतकंच मोघम आहे. म्हणून इथे प्रत्येक नोंदीत नावानंतर आधी भाषा दिली आहे, अर्थ त्यानंतर. ज्या नावाची भाषा नक्की करता आली नाही ते कितीही गोड असलं तरी गाळलं.

पण भाषा सांगितली म्हणजे झालं, असंही नाही. यातली पुष्कळ नावं म्हणजे मुळात वाक्यं आहेत. कुणीतरी, कुणाला तरी उद्देशून, एका विशिष्ट दिवशी उच्चारलेली. ते वाक्य कुणाला उद्देशून होतं हे कळल्याशिवाय नुसता शब्दार्थ हाती येऊन उपयोग नाही.

सोप्या टोकापासून सुरुवात करू. घानामधल्या अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आपोआप मिळतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, मुलगी अफुआ किंवा एफुआ. शनिवारचा मुलगा क्वामे, मुलगी आमा. रविवारचा क्वासी, गुरुवारचा यॉ. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान 8 एप्रिल 1938 रोजी, शुक्रवारी जन्मले. त्यांच्यासोबत जुळी बहीण होती, तिचं नाव अर्थातच एफुआ. दोघांच्या नावात ‘अट्टा’ हा शब्दही होता, जुळ्यांसाठीचा. अन्नान हे नाव चौथ्या अपत्याचं. म्हणजे ‘कोफी अट्टा अन्नान’ एवढं वाचून अकान माणूस वार, जुळेपणा आणि चौथा क्रमांक सांगून मोकळा होतो. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा हे शनिवारचे, आणि ‘एन्क्रुमा’ हे परंपरेनं नवव्या अपत्याचं नाव. इथे अर्थ लावायला काही जड जात नाही.

नायजेरियातल्या योरुबांकडे आलं की गुंता सुरू होतो. तिथे जुळ्यांची नावं ठरलेलीच असतात, जणू ती वरूनच घेऊन येतात. आधी बाहेर येणारं मूल ताइवो, म्हणजे जगाची चव पाहायला आलेलं. मागून येणारं केहिंदे. आपल्या हिशेबानं ताइवो थोरला. योरुबा हिशेबानं केहिंदे थोरला, कारण ‘जा, जग कसं आहे बघून ये’ असं सांगून धाकट्याला पुढे पाठवण्याचा मान थोरल्याचा. आजोबा वारल्यानंतर लवकरच नातू झाला तर तो बाबातुंदे, ‘वडील परतले’. आजी गेल्यावर नात झाली तर येतुंदे, ‘आई परतली’. आणि मुलं जन्मून जन्मून जात असतील तर? तेच मूल पुन्हा पुन्हा येऊन फसवून जातंय असं समजून त्याला नावातूनच विनवलं जातं: मालोमो, ‘आता जाऊ नकोस’. दुरोजाये, ‘थांब, आयुष्य भोग’. कोकुमो, ‘हा पुन्हा मरणार नाही’. आपल्याकडच्या दगडू, धोंडू, भिकाजीमागे भीती हीच होती. फरक असा की आपण मूल नकोसं असल्याचा देखावा करून मृत्यूला चकवू पाहत होतो, आणि योरुबा आई मृत्यूला वगळून थेट मुलाशीच बोलते.

झिंबाब्वेच्या शोना नावांत बोलणं आणखी तिरकं होतं. तातेंदा म्हणजे ‘आम्ही आभार मानले’, तापिवा म्हणजे ‘आम्हाला दिलं गेलं’. ही देवाला ऐकवायची. पण मुचानेता, ‘तुम्हीच थकाल’, हे कुणाला? बाळाला तर नाहीच. त्रास देणाऱ्या शेजाऱ्यांना, भाऊबंदांना, कुरकुरणाऱ्या सासरच्यांना. मुलाला अंगणात हाक मारली की पलीकडच्या घरापर्यंत निरोप पोचतो, आणि भांडण काढलं म्हणून कुणी बोट दाखवू शकत नाही. टांझानियात शिदा (अडचण), ताबू (हाल), माशाका (संकटं) या नावांची माणसं भेटतात. सिकुजुआ म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’. काय माहीत नव्हतं हे त्या आईलाच ठाऊक. अशा नावापुढे यादीत ‘अर्थ: अज्ञान’ असं छापलेलं पाहिलं की यादी करणाऱ्याची कीव येते. शिदा नावाचा माणूस आयुष्यभर दुःखी असतो, किंवा आईबापांना तो नकोसा होता, असा तर्क करण्याचं मुळीच कारण नाही. तो दुष्काळात झाला असेल, घरात कुणी गेलं असेल तेव्हा झाला असेल. नाव ही त्या वेळची नोंद आहे.

नावाच्या बाबतीत इथिओपियाचा प्रकार वेगळा आणि झटक्यात सांगण्यासारखा आहे. तिथे आडनाव नाही. स्वतःचं नाव आणि मागे वडिलांचं, संपलं. मॅरेथॉनपटू अबेबे बिकिला म्हणजे बिकिलांचा मुलगा अबेबे, त्यामुळे त्याला ‘मिस्टर बिकिला’ म्हणणं म्हणजे त्याच्या वडिलांना हाक मारणं. तिथलीही नावं वाक्यं होतात: तिरुनेश म्हणजे ‘तू चांगली आहेस’.

आता नावं बदलली कशी, त्याकडे. पूर्व केपमधल्या कुनूच्या शाळेत पहिल्या दिवशी मिस म्डिंगाने या बाईंनी प्रत्येक मुलाला एकेक इंग्रजी नाव दिलं, आणि रोलिह्लाह्ला हा मुलगा नेल्सन झाला. रोलिह्लाह्ला म्हणजे शब्दशः झाडाची फांदी ओढणारा, बोलीत ‘खोड्या काढणारा’. मंडेला स्वतःच हा अर्थ मिस्कीलपणे सांगत. पुढे लोक त्यांना आदरानं ‘मादिबा’ म्हणू लागले, ते त्यांच्या कुळाचं नाव. कादंबरीकार चिनुआ अचेबे बाप्तिस्म्याचे अल्बर्ट. विद्यापीठात गेल्यावर त्यांनी अल्बर्ट सोडला आणि चिनुआलुमोगू, ‘देव माझ्या वतीनं लढो’, यातला पहिला भाग ठेवला. न्गुगी वा थिओंगोंच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या जेम्स न्गुगी या नावानं छापल्या आहेत. सत्तरच्या दशकात त्यांनी जेम्स टाकला आणि ‘थिओंगोंचा न्गुगी’ हे किकुयू पद्धतीचं नाव घेतलं. याच सुमारास काँगोच्या मोबुटूंनी नामांतराचा सरकारी फतवा काढला. 1971 मध्ये देशाचं नाव झैर केलं, पुढच्या वर्षी ख्रिस्ती नावांवर बंदी घातली, स्वतः जोसेफ-देझिरे होते ते मोबुटू सेसे सेको झाले. यातला विनोद असा की ‘झैर’ हा शब्द म्हणजे ‘नदी’ या अर्थाच्या किकोंगो शब्दाचा पोर्तुगीजांनी केलेला अपभ्रंश. अस्सल नाव शोधता शोधता हातात आलं ते परक्याच्या तोंडातून पडलेलं. न्गुगींचा नावबदल आणि मोबुटूंचा नावबदल एकाच पंक्तीत बसवणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. एकानं स्वतःचं नाव घेतलं, दुसऱ्यानं लाखोंची काढून घेतली.

आपल्या किनाऱ्याशी जोडलेले तीन नामबदल तर टाळताच येणार नाहीत. सोळाव्या शतकात इथिओपियातून एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. त्याचं नाव चापू असल्याची नोंद आहे. बगदादच्या एका मालकानं त्याला अंबर हे नाव दिलं, म्हणजे समुद्रात सापडणारं सुगंधी द्रव्य. गुलामांना याकूत (माणिक), काफूर (कापूर), संदल (चंदन) अशी मौल्यवान मालाची नावं देण्याची रीतच होती. तो निजामशाहीचा मलिक अंबर झाला, त्यानं 1610 मध्ये खडकी वसवली, जमीनमहसुलाची घडी बसवली. आपण त्याला ओळखतो ते मालकानं दिलेल्या नावानं. दुसरी गोष्ट मोंबासाच्या राजपुत्राची. बापाच्या खुनानंतर पोर्तुगीजांनी त्याला गोव्यात आणलं, ऑगस्टिनियन पाद्र्यांनी वाढवलं आणि त्याचा दोम जेरोनिमो शिंगुलिया केला. राजा म्हणून मोंबासाला परतल्यावर 1631 मध्ये त्यानं उठाव केला, फोर्ट जीझस घेतला आणि पुन्हा यूसुफ बिन हसन झाला. तिसरे जोसेफ मुरुंबी. वडील गोव्याचे व्यापारी झुझार्ते, आई मसाई, शिक्षण भारतात. मोठेपणी त्यांनी आईकडचं मुरुंबी हे नाव पुढे आणलं आणि 1966 मध्ये ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले.

नाव घेण्याइतकंच नाव न घेणंही महत्त्वाचं. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा आणि झुलू समाजांत सुनेनं सासऱ्याचं नाव तर घ्यायचं नाहीच, पण त्या नावातली अक्षरं ज्यात येतात ते साधे शब्दही टाळायचे आणि त्यांच्या जागी दुसरे घडवायचे. याला ह्लोनिफा म्हणतात. या भाषांमध्ये जिभेचा टाळूवर ‘टक्’ आवाज करून काढायचे जे वर्ण आहेत, ते शेजारच्या खोइसान भाषांमधून येऊन इतके रुजले त्याचं एक कारण सुनांचे हे बदली शब्द असावेत, असं काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे ऐकून अजिबात नवल वाटलं नसतं. पूर्व आफ्रिकेत आईबापांना मुलाच्या नावावरून हाक मारतात: मामा जुमा, बाबा जुमा. खेड्यात ‘बाळूची आई’ म्हणतात तशीच.

इथून स्वाहिलीकडे येऊ. अरबी ‘सवाहिल’ म्हणजे किनारे, त्यावरून स्वाहिली. भाषेचा सांगाडा बांटू भाषाकुळातला, वर अरबी शब्दांचा मोठा साठा, आणि शिवाय फार्सी, पोर्तुगीज, हिंदी, गुजराती, इंग्रजी. हे शब्द आले वाऱ्यांबरोबर. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणारा ‘कास्काझी’ आपल्या आणि अरबस्तानच्या किनाऱ्यावरची गलबतं झांझिबारकडे नेई, नैर्ऋत्येचा ‘कूसी’ ती परत आणी. ऋतूला स्वाहिलीत ‘म्सिमू’ म्हणतात, जो आपल्या ‘मोसम’चा सख्खा भाऊ. बंदराला ‘बांदारी’, तांडेलाला ‘नाहोधा’, म्हणजे कोकणातला नाखवा. गाडी ती ‘गारी’, विमा तो ‘बिमा’, लाख ते ‘लाकी’, आंबा तो ‘एंबे’, कोशिंबीर ती ‘काचुंबारी’. दुकानाची गंमत आहे. स्वाहिलीत ‘-नी’ हा ‘मध्ये’ या अर्थाचा प्रत्यय. त्यामुळे ‘दुकानी’ म्हणजे दुकानात, आणि प्रत्यय काढून उरलं ते ‘दुका’. पेरूला तिथे ‘पेरा’ म्हणतात. हे फळ पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलं आणि आपल्या नास्पतीचं नाव त्याला दोन्ही किनाऱ्यांवर चिकटवून दिलं. चर्चला पोर्तुगीजांचा शब्द ‘इग्रेजा’, त्यापासून स्वाहिलीत झाला ‘गेरेझा’, आणि त्याचा अर्थ तुरुंग. यावर टीकाटिप्पणी करायची गरज नाही.

या सगळ्यात माझा सर्वांत आवडता शब्द ‘बेपारी’. तो आपला व्यापारीच. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जुलियस न्येरेरे यांनी शेक्सपिअरचं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ स्वाहिलीत आणलं आणि 1969 मध्ये ते ‘माबेपारी वा वेनिसी’ या नावानं निघालं. तोवर ‘बेपारी’ला समाजवादी टांझानियात भांडवलदार हा अर्थ चढला होता, आणि ‘उबेपारी’ म्हणजे भांडवलशाही. न्येरेरेंनी एका व्यापाऱ्याचे अनेकवचनी भांडवलदार केले. भाषांतर म्हणून ते चूक, राजकारण म्हणून अचूक. पण झांझिबार-दार एस सलामच्या रस्त्यांवर दुकानं कुणाची होती हे आठवलं की त्या शीर्षकात भारतीय वाचकाला बोचणारं काहीतरी आहे, हेही मान्य करायला हवं. न्येरेरेंना लोक ‘म्वालिमू’ म्हणत, म्हणजे मास्तर. ते खरोखरच शिक्षक होते.

ओळखीच्या शब्दांमुळे मराठी वाचक लवकर रमतो, आणि तितक्याच लवकर फसतो. ‘दादा’ म्हणजे मोठी बहीण. ‘काका’ म्हणजे मोठा भाऊ. ‘बाबा’ वडीलच, पण ‘बाबू’ म्हणजे आजोबा. ‘मामा’ म्हणजे आई, आणि खऱ्या मामाला ‘म्जोंबा’. ‘आशा’ हे मुलीचं नाव अरबी आइशावरून आलेलं, त्याचा आपल्या आशेशी संबंध नाही. ‘सिंबा’ म्हणजे सिंह, हे कळताच संस्कृतकडे धावायचा मोह होतो. तो आवरावा. समुद्रापासून दूर असलेल्या शोना भाषेतही सिंहाला ‘शुंबा’ म्हणतात. शब्द बांटूंचा घरचा आहे, साम्य योगायोगाचं. केनियाचं बोधवाक्य ‘हारांबे’ हे रेल्वेवरच्या हिंदी मजुरांच्या ‘हर अंबे’वरून आलं, अशी कथा भारतीय मंडळी आवडीनं सांगतात. मोंबासाहून आत जाणारी ती रेल्वे 1896 ते 1901 या काळात हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी बांधली हे खरंच आहे, पण ओझी उचलताना किनाऱ्यावरचे हमाल द्यायचे त्या आरोळीतून हा शब्द आला, हे म्हणणं मला अधिक सयुक्तिक वाटतं. आपल्या नावे जमा करायला तसेही पुरेसे शब्द आहेत. काही तर चुकून जमा झालेत: मक्याला स्वाहिलीत ‘माहिंदी’ म्हणतात, म्हणजे हिंदचं. पीक अमेरिकेचं, त्यांनी नाव लावलं आपलं, आणि आपण ‘मका’चा संबंध लावतो मक्केशी.

व्याकरणातली एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय कोशात शब्द सापडणार नाही. मराठीत शब्दाचं शेपूट बदलतं, स्वाहिलीत डोकं. ‘म्तू’ माणूस, ‘वातू’ माणसं. म्हणूनच किस्वाहिली ही भाषा, म्स्वाहिली हा माणूस, वास्वाहिली हे लोक. दक्षिणेकडे सेत्स्वाना भाषा, मोत्स्वाना व्यक्ती, बोत्स्वाना देश हीच तऱ्हा. अरबी ‘किताब’ स्वाहिलीत शिरला तो ‘किताबू’ होऊन, आणि त्यातला ‘की’ हा आपलाच उपसर्ग समजून लोकांनी अनेकवचन केलं ‘विताबू’. इंग्रजांनी चौकात ‘कीप लेफ्ट’ची पाटी लावली, तर वाहतुकीच्या त्या गोल चौकाचं नाव पडलं ‘किपिलेफ्टी’ आणि अनेक चौक झाले ‘विपिलेफ्टी’. एखाद्या भाषेची पचनशक्ती मोजायला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. स्त्री-पुरुष असा लिंगभेद मात्र नाही. ‘येये’ म्हणजे तो किंवा ती, संदर्भावरून ओळखायचं. मराठी भाषांतरकाराला पहिल्याच वाक्यात घाम फुटतो.

वारांचं गणित शनिवारपासून: जुमामोसी (पहिला), जुमापिली (दुसरा), जुमातातू, जुमान्ने, आणि बुधवार जुमातानो, म्हणजे पाचवा. मग गुरुवार येतो तो ‘अल्हामिसी’, आणि अरबीत याचाही अर्थ पाचवा. एकाच आठवड्यात दोन ‘पाचवे’ दिवस शेजारी शेजारी नांदतात, एक बांटू मोजणीचा, दुसरा अरबी. घड्याळ सूर्योदयापासून चालतं: सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. दुपारचे बारा म्हणजे ‘सा सिता’, सहावा. बसची वेळ विचारताना हे डोक्यात नसेल तर सहा तासांचा घोळ ठरलेला.

प्रवासी माणसाला ‘जांबो’ (नमस्कार) आणि ‘हाकुना माताता’ (काही अडचण नाही) एवढंच येतं. टांझानियात कुणी सहज ‘हाकुना माताता’ म्हणत नाही, ‘हाम्ना शिदा’ म्हणतात. खरे कामाचे शब्द वेगळेच. दारात उभं राहून ‘होदी’ म्हणायचं, आतून ‘कारिबू’ आलं की पाऊल टाकायचं. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’, म्हणजे पाय धरतो. त्यावर त्यांनी ‘माराहाबा’ म्हणायचं. आणि ‘पोले’. कुणी ठेचकाळलं, आजारी पडलं, कुणाच्या घरी मृत्यू झाला, किंवा कुणी उन्हात नुसतं काम करताना दिसलं तरी ‘पोले’ म्हणायचं. त्यात माफी नसते, तुमच्या कष्टाची दखल असते. सुतार, शिंपी, मेकॅनिक, सगळे ‘फुंडी’. रस्त्याकडेला उन्हात बसून पत्रे ठोकणाऱ्या कारागिरांच्या धंद्याला केनियात ‘जुआ काली’ म्हणतात, म्हणजे कडक ऊन, आणि सरकारी कागदपत्रांतही हाच शब्द चालतो.

शेवटी उच्चारांविषयी. स्वाहिलीत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. ‘म्तोतो’ (मूल) लिहिताना आपण जोडाक्षर काढलं आहे, पण उच्चार करताना सुरुवातीचा ‘म्’ स्वतंत्र अक्षरासारखा थोडा थांबवून म्हणावा. काही अरबी शब्दांतले ‘ध’ आणि ‘थ’ आपले नव्हेत, जिभेचं टोक दातांमध्ये आणून काढायचे आहेत, तिथे अक्षराखाली टिंब दिलं आहे. गायीला शब्द आहे ‘ङोंबे’. रोमन लिपीत हा पहिला वर्ण दाखवायला दोन अक्षरं आणि वर एक स्वल्पविराम लागतो. शाळेत ‘क ख ग घ’नंतर पाठ करून ठेवलेल्या आणि पुढे कधीही शब्दाच्या सुरुवातीला न भेटलेल्या ‘ङ’ला या कोशात एक पूर्ण पान मिळालं आहे.